पैसे चाकणहून अंधेरीला, वाटेत न्यूयॉर्क

प्रश्न : आमचा चाकणला छोटा कारखाना आहे. तपासणीची यंत्रे बनवतो आणि बरीचशी अमेरिकेला जातात. त्यांतले सर्किट बोर्ड अंधेरीच्या सीप्झ या विशेष आर्थिक क्षेत्रातल्या (सेझ) एका युनिटकडून घेतो. दर महिन्याच्या १० तारखेला त्यांना ८,४०० डॉलर द्यायचे असतात, आमच्या ई.ई.एफ.सी. खात्यातून (निर्यातीचे डॉलर ठेवायचे खाते) त्यांच्या डॉलर खात्यात. दोन्ही बँका भारतातल्या, दोन्ही शाखा महाराष्ट्रातल्या. तरी पैसे पोचायला दोन-तीन दिवस लागतात, आणि पोचतात ते कधी ८,३८२, कधी ८,३७५. उरलेल्या डॉलरांसाठी विक्रेता मागे लागतो. दरमहा आपोआप पाठवा असे बँकेला सांगितले, तर नाही म्हणाले. त्यात गेल्या महिनाअखेरीस बँकेने खात्यातले ११,३०० डॉलर न विचारता रुपयांत बदलून टाकले. दहा दिवसांनी आम्हाला त्यातलेच ८,४०० चढ्या भावाने परत घ्यावे लागले. आमचा अमेरिकी ग्राहक दोन-अडीच महिन्यांनी एकगठ्ठा पैसे पाठवतो, म्हणून डॉलर राखून ठेवणे भाग आहे. आमचे नेमके काय चुकते?
— एक उद्योजक, पुणे जिल्हा

उत्तर :

नमस्कार. तुमच्या पत्रात तीन वेगवेगळ्या अडचणी एकत्र आल्या आहेत : वाटेत कापले जाणारे पैसे, आपोआप न जाणारे देयक आणि महिनाअखेरीची विक्री. सगळ्यांत महाग पडते ती तिसरी, आणि ती टाळणे सगळ्यांत सोपे आहे. पण आधी पैसे कुठून कसे जातात ते पाहू, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल.

आर.टी.जी.एस. आणि एन.ई.एफ.टी. या दोन्ही व्यवस्था रुपयांच्या आहेत. बँकांचे आपसातले हिशेब तिथे रिझर्व्ह बँकेकडच्या त्यांच्या रुपया खात्यांत मिटतात. डॉलरसाठी तसे काही नाही. तुमच्या ई.ई.एफ.सी. खात्यात जे डॉलर दिसतात, ते प्रत्यक्षात तुमच्या बँकेने एखाद्या अमेरिकी बँकेत उघडलेल्या खात्यात असतात. बँकवाले त्याला नॉस्ट्रो म्हणतात. विक्रेत्याच्या बँकेचाही असाच नॉस्ट्रो असतो, बहुधा दुसऱ्याच अमेरिकी बँकेत. चाकणहून तुम्ही सूचना देता, तुमची बँक स्विफ्ट या बँकांच्या संदेश-जाळ्यावरून संदेश पाठवते, न्यूयॉर्कमध्ये एका बँकेकडून दुसरीकडे फेडवायर किंवा चिप्स या तिथल्या व्यवस्थांमार्फत डॉलर सरकतात, आणि मग त्याची वर्दी मुंबईला येते. शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या अंतरासाठी हा सगळा द्राविडी प्राणायाम.

त्यामुळे वेळेचे गणित न्यूयॉर्कच्या घड्याळावर चालते. आपण त्यांच्या उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास पुढे असतो. तुमच्या बँकेने दुपारपर्यंत संदेश सोडला तर न्यूयॉर्कची सकाळ अजून उजाडायची असते, आणि डॉलर त्याच तारखेला हलू शकतात. पण ते हलतात तेव्हा आपल्याकडे रात्र असते. विक्रेत्याच्या बँकेला ते दुसऱ्या दिवशी सकाळी दिसतात. म्हणजे सगळे सुरळीत गेले तरी मध्ये एक रात्र जाणारच. १० तारखेला पैसे जमा दिसायला हवे असतील तर ९ तारखेला, बँकेच्या कट-ऑफ वेळेआधी, कागद पूर्ण असायला हवेत. आम्ही तर ८ तारीख धरायला सांगू. कट-ऑफ प्रत्येक बँकेची वेगळी असते. ती शाखेला विचारून उपयोग नाही, फॉरेक्स किंवा ट्रेड विभागाला विचारा, कारण शाखेतून कागद तिकडे जायलाही वेळ लागतो.

सुट्ट्या दोन्हीकडच्या मोजाव्या लागतात. शनिवारी शाखा उघडी असली तरी फॉरेक्सचे काम होत नाही. अमेरिकेत ४ जुलै, १९ जून, सप्टेंबरचा पहिला सोमवार, नोव्हेंबरचा चौथा गुरुवार या दिवशी डॉलर हलत नाहीत. दिवाळीच्या दिवसांत तर आपली सुट्टी आणि त्यांचा शनिवार-रविवार जोडून आले की चार दिवस सहज जातात. वर्षाच्या सुरुवातीलाच बारा तारखा काढून विक्रेत्याला लेखी कळवून टाका : ‘१० तारीख, किंवा ती सुट्टीची आल्यास त्याआधीचा कामाचा दिवस.’

आता कापलेल्या डॉलरांकडे. शुल्क कोणी भरायचे याचे तीन पर्याय प्रत्येक संदेशात असतात. ‘अवर’ म्हणजे सगळे शुल्क पाठवणाऱ्याचे, ‘शा’ म्हणजे आपापल्या बँकेचे आपण, आणि ‘बेन’ म्हणजे सगळे घेणाऱ्याच्या रकमेतून. अर्जावर काही खूण केली नाही तर बहुतेक ठिकाणी ‘शा’ धरतात. त्यात वाटेतल्या अमेरिकी बँकेने आपला वाटा रकमेतूनच कापून घेतला तर कोणाची चूक म्हणता येत नाही. तुम्हाला ‘अवर’ हवे. मात्र नुसत्या ‘अवर’नेही दरवेळी पूर्ण रक्कम पोचतेच असे नाही, कारण मधली बँक कधी तरीही कापते. त्यासाठी काही बँका पूर्ण रक्कम पोचवण्याची हमी असलेला प्रकार देतात. ‘गॅरंटीड अवर’ किंवा ‘फुल व्हॅल्यू’ म्हणून विचारा. त्याचे शुल्क थोडे जास्त असते, पण दरमहा १८-२५ डॉलरांवरून होणारा पत्रव्यवहार वाचतो.

पण आधी कोण कापते ते शोधा. विक्रेत्याला त्याच्या बँकेकडून आलेल्या संदेशाची प्रत मागायला सांगा. एम.टी. १०३ या जुन्या स्विफ्ट साच्यात ३३-बी या रकान्यात तुम्ही पाठवायला सांगितलेली रक्कम, ३२-ए मध्ये बँकांत प्रत्यक्ष मिटलेली रक्कम आणि ७१-एफ मध्ये वाटेत कापलेले शुल्क असे. नोव्हेंबर २०२५ पासून बँकांमधले हे संदेश आय.एस.ओ. २००२२ च्या नव्या पॅक्स ००८ साच्यात जातात. रकान्यांची नावे बदलली, माहिती तीच : सांगितलेली रक्कम, मिटलेली रक्कम, शुल्काचा तपशील. ‘अवर’ला तिथे ‘डेट’, ‘शा’ला ‘शार’ आणि ‘बेन’ला ‘क्रेड’ असे संकेत आहेत. संदेशात ८,४०० सांगितले आणि ८,३८२ मिटले असतील तर १८ डॉलर वाटेत गेले, ते ‘अवर’ने सुटते. दोन्हीकडे ८,४०० असूनही खात्यात ८,३८२ जमा झाले, तर ते विक्रेत्याच्या स्वतःच्या बँकेचे आवक शुल्क आहे. ते तुमच्याकडून मागायचा त्याला हक्क आहे का, हे तुमच्या पर्चेस ऑर्डरवर अवलंबून. आमच्या मते नाही, पण तिथे एक ओळ लिहून ठेवा म्हणजे वाद राहणार नाही.

तुमच्या बँकेचे शुल्क रुपया चालू खात्यातून घ्यायला सांगा. ई.ई.एफ.सी. मधून घेतले की शिल्लक ८,४०० ऐवजी ८,३७० होते आणि देयक अडकते. हा घोळ वाटतो त्यापेक्षा जास्त वेळा होतो.

पैसे भलतीकडे जाण्याचे किंवा परत येण्याचे नेहमीचे कारण म्हणजे चुकलेले तपशील. विक्रेत्याच्या बिलाखाली सहसा दोन खाती छापलेली असतात, रुपयाचे आणि डॉलरचे. रुपयाच्या खात्याचा क्रमांक दिला की त्याची बँक आलेले डॉलर त्या दिवशीच्या दराने बदलून रुपये जमा करते, आणि ते उलटवणे अशक्य नसले तरी महाग पडते. दुसरी गफलत आय.एफ.एस.सी. आणि स्विफ्ट कोडची. दोन्ही ११ अक्षरी असू शकतात म्हणून लोक एकाऐवजी दुसरा भरतात. ओळखायची खूण सोपी आहे : आय.एफ.एस.सी. मध्ये पाचव्या जागी शून्य असते, स्विफ्ट कोडमध्ये पाचवे-सहावे अक्षर मिळून देश दाखवते, आपल्याकडे ‘आय’ आणि ‘एन’. तिसरे म्हणजे विक्रेत्याच्या बँकेचा डॉलरसाठीचा अमेरिकी प्रतिनिधी. त्याच बँकेचा युरोसाठीचा प्रतिनिधी वेगळा असतो, आणि बिलावर तो छापला गेला असेल तर संदेश अडतो. विक्रेत्याच्या बँकेच्या संकेतस्थळावर चलनानुसार यादी असते, तिच्याशी एकदा ताडून घ्या. पत्त्यात गाव आणि देश वेगळ्या रकान्यात भरा. नोव्हेंबर २०२६ पासून एकाच ओळीत कोंबलेला पत्ता चालणार नाही. बिलाचा क्रमांक लिहायला १४० अक्षरांची जागा असते. तिथे फक्त बिल क्रमांक आणि तारीख लिहा. मालाचे लांबलचक वर्णन घातले की अमेरिकेतल्या निर्बंध-तपासणीच्या चाळणीत एखादा शब्द अडकून दोन दिवस जाऊ शकतात.

पैसे गेले की बँकेकडून स्विफ्टची प्रत आणि यू.ई.टी.आर. हा ३६ अक्षरी मागोवा क्रमांक घ्या आणि त्याच दिवशी विक्रेत्याला पाठवा. त्यावरून त्याची बँक पैसे कुठे आहेत ते पाहू शकते. ‘पाठवले’, ‘मिळाले नाहीत’ ही रस्सीखेच निम्म्याने कमी होते.

या सगळ्याला बगल देणारा एक मार्ग आहे, आणि आम्हाला तो सर्वांत पसंत आहे : विक्रेत्याचे डॉलर खाते ज्या बँकेत आहे त्याच बँकेत तुमचेही ई.ई.एफ.सी. खाते उघडा. मग पैसे न्यूयॉर्कला जातच नाहीत. बँकेच्या स्वतःच्या वहीत एका खात्यातून दुसऱ्यात नोंद होते, बहुधा त्याच दिवशी आणि मधल्या बँकेशिवाय. ई.ई.एफ.सी. एकाहून जास्त बँकांत ठेवता येते. अडचण एवढीच की या नव्या खात्यात डॉलर आणायचे कुठून? तुमच्या जुन्या ई.ई.एफ.सी. मधून पाठवले तर तेच स्विफ्ट, तेच न्यूयॉर्क. म्हणून निर्यातीचे काही पैसे थेट नव्या बँकेत यायला हवेत. त्यासाठी नव्या बँकेचा ए.डी. कोड (परकीय चलनाचे काम करणाऱ्या शाखेची ओळख) तुमच्या बंदराच्या किंवा विमानतळाच्या सीमाशुल्क कार्यालयात, आइसगेट या सीमाशुल्काच्या संकेतस्थळावर, नोंदवावा लागतो, आणि त्या निर्यातीच्या शिपिंग बिलावर, म्हणजे सीमाशुल्काकडे भरायच्या निर्यातीच्या कागदावर, तोच कोड टाकावा लागतो. शिपिंग बिल जुन्या बँकेच्या कोडवर आणि पैसे नव्या बँकेत, असे झाले की निर्यातीचा तो व्यवहार निर्यातीचे पैसे आले की नाही हे पाहणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या ई.डी.पी.एम.एस. प्रणालीत उघडाच राहतो आणि दोन्ही बँकांत हेलपाटे सुरू होतात. अमेरिकेच्या ग्राहकाची एखादी नियमित ऑर्डर पूर्णपणे नव्या बँकेकडे वळवा. बारा महिन्यांचे ८,४०० म्हणजे १,००,८०० डॉलर. तेवढी निर्यात तिकडे गेली की पुरे.

गुजरातमधल्या गिफ्ट सिटीत ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झालेल्या परकीय चलन पूर्ती व्यवस्थेविषयी तुम्ही वाचले असेल. तिथे डॉलरचे व्यवहार देशातच मिटतात, स्टँडर्ड चार्टर्ड ही त्यातली पूर्ती बँक आहे. पण ती व्यवस्था तिथल्या आंतरराष्ट्रीय वित्तीय केंद्रातल्या बँक युनिटांमधल्या व्यवहारांसाठी आहे. पुण्याच्या शाखेतले ई.ई.एफ.सी. आणि अंधेरीचे सेझ खाते तिच्यात येत नाहीत. आज तुमच्या कामाची नाही.

मुळात असे देयक डॉलरमध्ये देता येते का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तुमच्या बँकेतला नवा अधिकारी विचारेल. उत्तर तयार ठेवा. परकीय चलन खात्यांविषयीचे फेमाचे, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याचे, २०१५ चे नियम पाहा. त्यांच्या पहिल्या परिशिष्टात ई.ई.एफ.सी. मधून भारतात राहणाऱ्या व्यक्तीला वस्तू किंवा सेवांसाठी परकीय चलनात पैसे द्यायला परवानगी आहे. सेझमधल्या युनिटला स्वतंत्र परकीय चलन खाते ठेवता येते, आणि त्यात भारतातल्या ग्राहकांशी होणाऱ्या खऱ्या व्यापाराचे व्यवहार चालतात. म्हणजे देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे, दोन्ही टोकांचे नियम जुळतात. खात्यात डॉलर कमी पडले तर बँक रुपये घेऊन या देयकासाठी डॉलर विकू शकते. त्यासाठी सेझच्या विकास आयुक्तांनी विक्रेत्याला दिलेल्या मंजुरीपत्रात, म्हणजे एल.ओ.ए. मध्ये, सेझबाहेरच्या ग्राहकाला पुरवठा आणि त्याचे पैसे परकीय चलनात, या दोन्ही गोष्टींचा उल्लेख हवा. त्या पानाची प्रत आजच विक्रेत्याकडून घेऊन बँकेत ठेवा. असे विकत घेतलेले डॉलर थेट विक्रेत्याकडे जातात. रुपये देऊन घेतलेले डॉलर तुमच्या ई.ई.एफ.सी. मध्ये भरता येत नाहीत.

सेझमधून बाहेर येणारा माल सीमाशुल्काच्या दृष्टीने आयातच असतो, त्यामुळे बिल ऑफ एंट्री, म्हणजे सीमाशुल्काची आयात नोंद, होते आणि बँक ती मागते. तिच्यावरचा दर सीमाशुल्क खात्याचा, वहीतला दर तुमच्या हिशेबनिसाचा आणि देयकाचा दर बँकेचा. एकाच बिलाला तीन दर लागले म्हणून हिशेबनिसाने घाबरू नये, फरक विनिमय नफा-तोट्यात जातो. बँकेच्या काउंटरवर कधी १५-सीए हा आयकराचा फॉर्म मागतात. तो अनिवासी व्यक्तीला पैसे देतानाचा कागद आहे, तुमचा विक्रेता निवासी आहे, हे नम्रपणे सांगा.

हाच माल सेझबाहेरच्या, साध्या पुरवठादाराकडून घेत असता तर आमचा सल्ला उलटा झाला असता. ई.ई.एफ.सी. मधून त्याला डॉलर देता येतात हे खरे, पण असे देशांतर्गत मिळालेले डॉलर त्याच्या खात्यात ठेवण्याच्या मुभेच्या यादीत सहसा बसत नाहीत, आणि त्याची बँक ते रुपयांतच बदलून देते. तिथे डॉलर पाठवणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. बिलावर किंमत डॉलरमध्ये, दर कोणत्या दिवशीचा आणि कोणत्या बँकेचा ते लिहिलेले, आणि चुकते रुपयांत आर.टी.जी.एस. ने, असे करायचे. जहाजभाड्याची बरीच बिले अशीच मिटतात. सेझवाला मात्र डॉलरवर अडून बसतो त्याला कारण आहे : पाच वर्षांच्या टप्प्यात त्याला परकीय चलनाची निव्वळ कमाई शून्याच्या वर दाखवावी लागते, आणि तुमचे डॉलर त्याला त्यासाठी हवे असतात. त्यामुळे डॉलर आग्रहाने मागणाऱ्या विक्रेत्याशी शुल्काची आणि दराची घासाघीस करायला तुम्हाला जागा आहे, हे ध्यानात ठेवा.

आता तुमच्या ११,३०० डॉलरांची गोष्ट. बँकेने केले ते नियमाप्रमाणेच. ३१ जुलै २०१२ पासून नियम असा आहे : निर्यातीचे १०० टक्के पैसे ई.ई.एफ.सी. मध्ये ठेवा, पण एका कॅलेंडर महिन्यात जमा झालेली एकूण रक्कम, मंजूर कारणांसाठी वापरलेली आणि पुढच्या बांधिलकीची वजा करून, पुढच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत रुपयांत बदलली पाहिजे. एप्रिलमध्ये आलेले डॉलर ३१ मेपर्यंत. एप्रिलच्या २ तारखेला आलेले असोत की ३० तारखेला, मुदत तीच.

‘पुढच्या बांधिलकीची वजा करून’ या चार शब्दांत तुमची सुटका आहे. पण बांधिलकी बँकेला माहीत असेल तरच ती वजा होते. बँक आपणहून विचारत नाही. मुदत आली, कागद नाही, तर डॉलर विकून मोकळी होते.

समजा १५ एप्रिलला ३०,००० डॉलर आले. १० मेला ८,४०० गेले, उरले २१,६००. जून आणि जुलैची देयके ठरलेली आहेत, म्हणजे १६,८०० ची बांधिलकी. ती मेच्या २० तारखेपर्यंत बँकेला लेखी दिली, तर ३१ मेला फक्त ४,८०० डॉलर बदलावे लागतील. पत्र एका पानाचे पुरते. त्यात खाते क्रमांक, ते डॉलर कोणत्या आवक रकमेतले (तारीख आणि बँकेचा संदर्भ), विक्रेत्याचे नाव आणि त्याचा सेझ पत्ता, पर्चेस ऑर्डर क्रमांक, प्रत्येक देयकाची तारीख आणि रक्कम, आणि ‘ही रक्कम रुपयांत न बदलता या देयकांसाठी राखून ठेवावी’ हे वाक्य. सोबत सही-शिक्क्याची पर्चेस ऑर्डर. तोंडी अंदाज चालत नाही, पक्की ऑर्डर लागते. म्हणून दरमहा नवी ऑर्डर काढण्याऐवजी विक्रेत्याला सहा महिन्यांची किंवा वर्षाची एक ऑर्डर द्या, तीत दरमहाचा पुरवठा आणि देयकाची तारीख लिहा. किती महिन्यांपुढची बांधिलकी धरायची, यात बँकेबँकेत फरक असतो. तुमच्या बँकेचे धोरण ई-मेलवर विचारून घ्या आणि उत्तर जपून ठेवा, कारण अधिकारी बदलला की धोरणही बदलल्यासारखे वाटते.

पोचपावती घ्या. पत्र ट्रेड विभागाकडे पोचले की नाही, हे २५ तारखेला फोन करून विचारा. शाखेच्या टेबलावर पडून राहिलेल्या पत्राने विक्री थांबत नाही.

न सांगता झालेल्या या विक्रीची किंमत किती, ते एकदा मांडून पाहू. हिशेबाला सोपे म्हणून डॉलर ९० रुपये धरा, आणि बँकेने विकत घेताना २० पैसे कमी दिले, विकताना २० पैसे जास्त घेतले असे माना. ८,४०० डॉलरवर ४० पैशांचा फरक म्हणजे ३,३६० रुपये. शिवाय चलन बदलावर जी.एस.टी. लागतो. १ लाख ते १० लाखांच्या व्यवहारात १,००० रुपये अधिक १ लाखावरच्या रकमेचा अर्धा टक्का, एवढे सेवेचे मूल्य धरतात आणि त्यावर १८ टक्के. ७,५६,००० रुपयांसाठी मूल्य ४,२८० आणि कर सुमारे ७७०. विकताना एकदा, घेताना एकदा, म्हणजे १,५४० रुपये. कराची वजावट तुम्हाला मिळेल, ३,३६० मात्र गेलेच. आणि दरम्यान दर वर गेला असेल तर तो फरक वेगळा. तुम्ही ‘चढ्या भावाने’ म्हणता त्यात बाजाराचा वाटा किती आणि बँकेच्या फरकाचा किती, हे दोन्ही पावत्यांवरचे दर त्या दिवशीच्या बाजारदराशी लावून पाहा. बँकेचा वाटा फार मोठा दिसला तर तो मोजून मागून कमी करून घेता येतो. ई.ई.एफ.सी. मधून थेट दिले तर चलन बदलच होत नाही, म्हणून हा सगळा खर्च शून्य.

याचा अर्थ सगळेच डॉलर साठवा असा नाही. या खात्यावर व्याज नाही. ग्राहकाचे पैसे आले की किती डॉलर ठेवायचे आणि किती लगेच बदलायचे, याची सूचना प्रत्येक आवकेला द्या. पुढच्या पक्क्या देयकांपुरते ठेवा, बाकीचे त्याच दिवशी बदला, दर विचारून. ‘डॉलर अजून वाढेल’ म्हणून बांधिलकीच्या नावाखाली जास्त राखून ठेवू नका. बांधिलकी दाखवली आणि देयक गेलेच नाही, तर पुढच्या वेळी बँक तुमच्या पत्राकडे संशयानेच पाहील, आणि ते रास्तच.

राहिले आपोआप पाठवणे. रुपयांसारखी स्थायी सूचना इथे बहुतेक बँका स्वीकारत नाहीत, कारण फेमाखाली प्रत्येक देयकाला कारण, कागद आणि तुमचे प्रतिज्ञापत्र लागते. बिल आणि बिल ऑफ एंट्री दरवेळी वेगळी असणार, त्यावर आधीच सही कशी करणार? पण हाताने करायचे काम दहा मिनिटांवर आणता येते. बँकेच्या ऑनलाइन ट्रेड पोर्टलवर विक्रेत्याची नोंद कायमची करून घ्या आणि त्याच्या साच्यात शुल्क ‘अवर’, ठरलेला पर्पज कोड (देयकाचे कारण दाखवणारा संकेत), शुल्क कोणत्या खात्यातून, हे सगळे एकदाच भरा. वर्षाची ऑर्डर, एल.ओ.ए. चे पान आणि सह्यांचा ठराव एकदाच जमा करा. मग दरमहा फक्त बिल आणि बिल ऑफ एंट्री चढवायची. विक्रेत्याला सांगा की दोन्ही कागद ५ तारखेपर्यंत आले नाहीत तर १० तारीख त्याच्यामुळे हुकेल. एका महिन्यात दोन-तीन बिले असली तरी देयक एकच करा आणि बिलांची यादी जोडा, कारण स्विफ्टचे शुल्क प्रत्येक देयकाला लागते, रक्कम लहान असो वा मोठी. सही करणारे दोघे लागत असतील तर ८-९ तारखेला दोघेही गावात असतील असे पाहा. उशिराचे सर्वांत सामान्य कारण न्यूयॉर्क नसून दुसरी सही हेच असते.

एक गोष्ट तुमच्या सी.ए. ना विचारा. वर्षाला १ लाखाहून अधिक डॉलर म्हणजे ५० लाख रुपयांच्या बरीच वर खरेदी, आणि विक्रेता निवासी. तुमची आदल्या वर्षाची उलाढाल १० कोटींच्या वर असेल, तर ५० लाखांपुढच्या खरेदीवर ०.१ टक्का टी.डी.एस. चा प्रश्न येतो. तो लागू झाला तर वर्षाच्या उत्तरार्धात ८,४०० च्या बिलावर सुमारे ८ डॉलर ४० सेंट तुम्हीच कापणार, आणि विक्रेता पुन्हा म्हणेल की पैसे कमी आले. त्या महिन्यापासून देयकासोबत कपातीचा हिशेब पाठवत जा.